काका, नागपुरात पाहायला आहे काय?

या सदरात एरवी बांध, सातबारा आणि सरकलेल्या हद्दीच्या खुणा यांचीच पत्रं येतात. चौतीस वर्षं भूकरमापक होतो, तेव्हा दुसरं कोण कशाला काय विचारणार! पण दिवाळीआधी एका उत्तरात ओघात लिहून गेलो की नागपूरकराला नागपूर दाखवायला बाहेरचा पाहुणा लागतो. त्यावर पत्रं आली. काही रागाची, काही लाजलेली. त्यातली निवडक इथे घेतो. सातबारावाल्यांनी महिनाभर दम धरावा, तुमचे बांध कुठे पळत नाहीत.

प्रश्न : काका, मी मूळची मानेवाड्याची, सहा वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहे. ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी डिसेंबरात माझ्यासोबत नागपूरला येतो म्हणतात. 'तुमच्याकडे बघायला काय आहे?' असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'काही नाही गं, संत्री आणि ऊन.' त्या हसल्या, मीही हसले. रात्री मात्र स्वतःचाच राग आला. तीन दिवस आहेत. काय दाखवू?

उत्तर : बेटा, डिसेंबरात ऊन काही दाखवता यायचं नाही, म्हणजे उरली संत्री. तीही आंबिया बहाराची, सरत आलेली. तू सांगितलेल्या दोन गोष्टींतली एक तर गेलीच.

चूक तुझी एकटीची नाही. आपण शहराच्या कडेनं रोज जातो आणि शहर पाहिलं असं धरून चालतो. मोजणीच्या कामात मला एक गोष्ट कळली. शेतातला खुणेचा दगड शेतकऱ्याला वर्षानुवर्षं दिसत नाही. त्याच्यावर बैल अडखळतो, पोरं बसतात, बाई धुणं वाळत घालते. शेजाऱ्याशी भांडण लागलं, मोजणी आली की त्याच दगडाभोवती अख्खं गाव गोळा होतं. तेव्हा मैत्रिणींना 'हे पाहा, ते पाहा' करत फिरवू नको. प्रत्येक जागी तपासायला काहीतरी हातात दे.

पहिला दिवस महाल या जुन्या वस्तीत घालव, आणि पायी. गाडी गांधी गेटच्या अलीकडेच सोडून दे. या वेशीचं जुनं नाव जुम्मा दरवाजा. जवळचा तलाव जुम्मा तलाव, तोच शुक्रवारी तलाव, तोच गांधीसागर. एकाच पाण्याची तीन नावं, आणि त्यातली पहिली दोन तर एकच, कारण जुम्मा म्हणजेच शुक्रवार. मैत्रिणींना सांग, वाटेत भेटेल त्या दहा माणसांना तलावाचा रस्ता विचारा आणि कोण कुठलं नाव घेतं ते लिहून ठेवा. चहाच्या टपरीवर बसून हिशेब करा. छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, १७०२ साली बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवलं. मागून भोसले आले, मग इंग्रज, मग आपण. पाटी लावून कोणी हे सांगत नाही, पण त्या दहा उत्तरांत सगळे सापडतात.

पुण्याच्या मुली आहेत, त्यांना पेठा कळतात. त्यांना सांग की आमच्याकडेही वारांवर वस्त्या आहेत : मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. फक्त तुमचा रविवार तो आमचा इतवार, म्हणून आमची इतवारी. माझ्या मते मराठी मुलखाची हद्द नकाशावर नर्मदेच्या अलीकडे कुठेतरी असेल, पण बोलण्यात ती त्या एका शब्दापासून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दीक्षाभूमीवर ने. गर्दीच्या आधी. आत बोलायचं नाही, मोबाइल पर्समध्ये. सांचीचा स्तूप चित्रात सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो भरीव आहे. इथला स्तूप आतून पोकळ आहे, तुम्ही घुमटाच्या खाली उभे राहता. उंची १२० फूट. बाहेरून तो आकडा खरा वाटत नाही, कारण रुंदी उंचीला झाकून टाकते. आत मधोमध उभं राहून मान वर केली की मगच पटतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याला, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. माझे वडील त्या दिवशी धंतोलीत कामाला होते. ते सांगायचे की सकाळपासून रस्त्यानं नुसते पांढरे कपडे चालले होते, आणि एवढी माणसं असूनही आवाज कमी होता. स्तूप झाला फार नंतर, १८ डिसेंबर २००१ ला त्याचं उद्घाटन झालं. मधली पंचेचाळीस वर्षं लोक येत होते ते मोकळ्या जमिनीवर, हे मैत्रिणींना आवर्जून सांग. आवारातला बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या फांदीपासूनचा आहे, भदंत आनंद कौसल्यायनांनी आणलेला. आणि कधी दसऱ्याच्या दिवसांत येणं जमलं तर पुस्तकांचे स्टॉल पाहायला थांबा. खांद्यावर गाठोडं आणि हातात पुस्तकांची पिशवी घेऊन रेल्वे स्टेशनकडे चाललेली म्हातारी माणसं मी दरवर्षी पाहतो.

दुपारी सावजी. इथे जरा जपून. सावजी म्हणजे हलबा कोष्ट्यांच्या, विणकरांच्या घरचं खाणं. मैत्रिणी 'आम्हाला तिखट चालतं' म्हणतील. म्हणू दे. पहिल्या घासाला पाणी मागवू नको, पाण्यानं ते वाढतं. मांस खात नसतील तर पाटोडीचा रस्सा माग. सकाळच्या नाश्त्याला तर्री पोहे आहेतच. सांबारवडी खाऊ घालताना मात्र आधी सांग की सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, नाहीतर त्या ताटात डाळ शोधत बसतील. माझ्या पुण्याच्या साडूनं शोधली होती.

तिसरा दिवस रामटेकला दे. गडावर देऊळ, खाली खिंडसी तलाव, आणि कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षाचा तो रामगिरी हाच असं आपण विदर्भातले लोक ठासून सांगतो. वाद घालणारे आहेत. गडावरून आषाढातला ढग मी स्वतः पाहिलेला असल्यामुळे मी त्या वादात पडत नाही.

प्रश्न : नागपुरातला झिरो माईलचा खांब हा भारताचा मध्यबिंदू नाही, असं माझा नातू मोबाइलवर वाचून मला सांगतो. मी चाळीस वर्षं वर्गात तेच शिकवलं. खरं काय ते एकदा सांगून टाका. — निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर : गुरुजी, तुम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवलं, मी दहा वर्षं पाहुण्यांना सांगितलं. तेव्हा आपण दोघं एकाच बाकावर. माझी जिरली ती एका पोरामुळे. कोल्हापूरकडचा एक नवा भूकरमापक आमच्याकडे प्रशिक्षणाला आला होता. मी त्याला सायकलवर डबलसीट झिरो माईलला नेलं आणि ऐटीत म्हणालो, 'हा देशाचा मध्य.' त्यानं तिथले घोड्यांचे चारही पुतळे पाहिले, खांब पाहिला आणि विचारलं, 'साहेब, कशावरनं मोजला? आणि त्यात ब्रह्मदेश धरला हुता का?' मी गप्प. परतताना त्यानं सायकल हाकली, मी मागे बसलो.

त्याचा प्रश्न बरोबर होता. देश म्हणजे काही चौकोनी वावर नाही की दोन कर्ण आखले आणि मधोमध खुंटी मारली. तिथल्या बेंचमार्कच्या दगडावर साल आहे १९०७. तेव्हाच्या हिंदुस्थानात ब्रह्मदेश होता, तो १९३७ साली वेगळा झाला. तो धरला तर मध्य पूर्वेला सरकतो. पुढे फाळणी झाली, तेव्हा पुन्हा सरकला. आजच्या नकाशावर तो मान मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाला देतात. तेव्हा नातवाला शाबासकी द्या.

पण त्याला तिथेच सोडू नका. मध्यबिंदू नाही म्हणून दगड फुकट गेला असं नाही. माझ्या लेखी तो त्याहून भारी आहे. तो 'जी.टी.एस.'चा, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा, इंग्रजांनी केलेल्या अख्ख्या हिंदुस्थानच्या मोजणीचा बेंचमार्क आहे. बेंचमार्कचं काम उंची सांगणं. समुद्राची भरती-ओहोटी वर्षानुवर्षं मोजून सरासरी पातळी ठरवायची, आणि ती पातळी किनाऱ्यावरून पायी उचलून आणायची. म्हणजे कसं, तर दोन बाजूंना दोन माणसं उभ्या पट्ट्या धरून, मध्ये दुर्बीण. मागची पट्टी वाचायची, पुढची वाचायची, फरक वहीत लिहायचा. मग दुर्बीण उचलायची, पुढे जायचं आणि पुन्हा तेच. उन्हात हवा थरथरते, पट्टीवरचा आकडा नाचतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ काम. असं करत करत समुद्र नागपुरापर्यंत आला आणि या दगडापाशी आकडा निघाला : १०२०.१७१ फूट. जवळजवळ ३११ मीटर. गुरुजी, शेवटचे तीन आकडे पाहा. फुटाचा हजारावा भाग म्हणजे एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढा. शेकडो मैल चालून आल्यावर पोस्टकार्डाच्या जाडीपर्यंत बोलायची हिंमत! आमच्या मोजणीत बांध वीतभर इकडेतिकडे झाला तर आम्ही म्हणायचो, 'चाललं, साखळी ताणली गेली.'

या सर्वेक्षणाची सुरुवात १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटननं केली. कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र, थिओडोलाइट, देवळांच्या गोपुरांवर चढवत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच आहे, आपल्यापासून दीड-दोन तासांवर. नागपूरला निघालेला आणि नागपूर न पाहिलेला हा आमच्या धंद्यातला मूळपुरुष. नोकरीत असताना मी दोनदा मुद्दाम त्या थडग्यावर गेलो. दोन्ही वेळा मी एकटाच होतो.

आता नातवाचा गृहपाठ. झिरो माईलच्या खांबाच्या पायावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. शिवनी ७९, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. त्याला मोबाइल काढायला सांगा. मैलांना १.६१ नं गुणायचं आणि आजच्या रस्त्याचं अंतर पाहायचं. शिवनी १२७ किलोमीटर येतं की नाही? शंभरावर वर्षांत रस्ते बदलले, घाट बदलले, बायपास झाले. कुठला आकडा किती हलला ते त्यानं वहीत लिहावं आणि मला पाठवावं. घोड्यांसोबत फोटो नंतर. सगळे लोक घोड्यांपाशीच फोटो काढतात आणि बेंचमार्ककडे पाठ करून उभे असतात.

प्रश्न : आठ वर्षांचा मुलगा सुट्टीत मोबाइल सोडत नाही. मॉलमध्ये नेलं तर खर्चच खर्च. नागपुरात मुलांना रमेल असं कुठे नेऊ? — एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, घरात मोजायचा टेप आहे का? लाकूडकाम करणाऱ्याकडे असतो तो, तीन मीटरचा. तो पोराच्या खिशात द्या आणि मोतीबागेला नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात न्या. २००२ पासून आहे. जुनी इंजिनं, डबे, सिग्नल. आत जाताना एकच सांगा, 'दोन रुळांमधलं अंतर मोज.' अडीच फूट भरेल. परत येताना मेन स्टेशनवर प्लॅटफॉर्मवरूनच मोठ्या रुळांचा अंदाज करायला लावा (खाली उतरायचं नाही, हे आधी दटावून सांगा). ते साडेपाच फूट. अडीच फुटांवरून माणसं, धान्य, बांबू सगळं गेलं. मीही गेलो, सावनेरला मोजणीला, छिंदवाड्याच्या छोट्या गाडीनं. नकाशा आखायचं प्लेन टेबल गार्डच्या डब्यात आणि मी दारात. उतारावर बरी पळायची, चढावर पोरं खाली उतरून सोबत धावायची. २०१५ साली ती बंद झाली.

दुसरा दिवस अजबबंगल्याला. पाटीवर मध्यवर्ती संग्रहालय आहे, पण रिक्षावाल्याला अजबबंगलाच सांगा. १८६३ सालचा आहे. पेंढा भरलेले प्राणी, शस्त्रं, नाणी, शिलालेख. पोरं वाघाकडे पळतात. पळू द्या. शिलालेख तुम्ही वाचा.

प्रश्न : तुमचं नागपूर म्हणजे गोंड, भोसले आणि इंग्रज. आमच्या पिढीनं पाहिलेलं, आमच्यासमोर उभं राहिलेलं काहीच तुम्हाला दिसत नाही का? मेट्रोचं नावही नाही! — इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : लागलं, गड्या. घेतलं मनावर. कामठी रोडवर गड्डीगोदामला जाऊन ये. खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल, आणि त्याच्याही वर मेट्रो. चार मजले, आणि रेल्वे चालू ठेवून बांधलेले. मी तिथे तासभर उभा होतो, चारही थरांवर एकदम गाडी यावी म्हणून. तीन वेळा तीन थर जमले, चौथा नेमका हुकला. तुला जमलं तर वेळ कळव.

आणि मेट्रोत बसायचंच तर लोकमान्यनगरच्या मार्गावर बस. अंबाझरी तलाव उंचीवरून दिसतो. लहानपणी आम्ही तो बांधावरून पाहिला. नाग नदी त्या बाजूनं निघून शहरभर फिरते, तो उतार वरून पहिल्यांदा समजतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून जे घराघरात शिरलं ते कुठल्या वाटेनं शिरलं, हेही वरूनच समजतं. पाणी खोटी मोजणी करत नाही.

फक्त एक. तुझ्या त्या पुलाखालून रस्ता ओलांडायला सत्तरीच्या माणसाला किती वेळ लागतो, तेही कधी घड्याळ लावून पाहा. इंजिनीअर होणार आहेस म्हणून सांगतो.

प्रश्न : नातवंडं अमेरिकेहून ऑगस्टच्या शेवटी येतात. तेव्हा तर नुसता पाऊस आणि चिखल. काय दाखवायचं? — धरमपेठ

उत्तर : पोळ्याची तारीख पाहून तिकिटं काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार, आणि त्याच दिवशी मारबत, म्हणजे गावाची ईडापीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दोघींची गाठ पडते त्या चौकात आधीच जागा धरा, गच्ची मिळाली तर फारच छान. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे टिंगलीच्या पुरुषी पुतळ्यांवर, यंदा कोणाचं काय लिहिलंय ते वाचून दाखवा. पोरांना मराठी येत नसेल तरी 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' एवढं एका दिवसात येतं. आमच्या अमेरिकेच्या भाचीच्या पोराला आलं होतं. त्याच्या शाळेत त्यानं पुढे काय काय मारबतीला नेऊन टाकायला लावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रश्न : साठ वर्षं नागपुरात काढली. रोज बर्डीवरून गेलो, पण सीताबर्डीच्या किल्ल्यात पाऊल टाकलं नाही. आता गुडघे कुरकुरतात. जाण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, गणेशपेठ

उत्तर : आहे. आणि तुम्ही एकटे नाही. बर्डीवर चपला घेतलेल्या नागपूरकरांची आणि किल्ला पाहिलेल्यांची मोजदाद केली तर दुसरा आकडा एका बसमध्ये मावेल.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत. वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतात : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मी पहिल्यांदा गेलो तो १ मे ला, दुपारी बाराला. कारण सकाळी झोपलो होतो. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, तरी अर्ध्या चढावर डोळ्यांपुढे काजवे. एका जवानानं सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, 'बाबूजी, सुबह आना था.' तेव्हा तुम्ही २६ जानेवारी धरा. थंडी असते, गुडघ्यांना चढ सोसतो.

वर काय तपासायचं ते सांगतो. टेकड्या दोन आहेत, मोठी आणि छोटी. नोव्हेंबर १८१७ मध्ये २६ च्या संध्याकाळपासून २७ पर्यंत इथे लढाई झाली. इंग्रजांची फौज टेकड्यांवर, आप्पासाहेब भोसल्यांची खाली आणि भोवती. भोसल्यांची फौज कितीतरी मोठी, तरी हरली. पुस्तकात वाचून हे मला कधी कळलं नाही. मोठ्या टेकडीच्या काठावर उभं राहून छोटीकडे पाहिलं, डोळ्यानं अंतर धरलं, तेव्हा कळलं. छोटी ज्याच्या हातात, त्याच्या माऱ्यात मोठी येते. २७ च्या सकाळी ती छोटी टेकडी इंग्रजांच्या हातची गेली आणि त्यांनी ती परत घेतली, म्हणून सगळं इकडचं तिकडे झालं. तिथून खाली पाहिलं तर स्टेशनचे रूळ दिसतात. त्यापुढे ज्या भागातून तुम्ही आम्ही साठ वर्षं सायकली हाकल्या तो सगळा दारूगोळ्याच्या टप्प्यातला.

सकाळी नऊच्या आत पोहोचा. ओळखपत्र खिशात असू द्या. काठी घ्या, लाजू नका. उतरताना टेकडी गणपतीवरून या, म्हणजे घरी सांगायला देवदर्शनही होतं. आणि दुर्बीण असेल तर घेऊन जाऊ नका. मी १ मे च्या दुसऱ्या खेपेला जुनी लेव्हलिंगची दुर्बीण पिशवीत नेली होती. फाटकावर ती काय आहे हे समजावून सांगण्यात पाऊण तास गेला.